दुसऱ्यांदा उठवलेली म्हातारी

"त्या कोपऱ्यात औषध मारायचं न्हाई. बाकी कुठं बी मारा. तिथं आत्ती हायत."

रुक्मा हे म्हणाली तेव्हा वासू टेंपोवाला तिच्या खोपीच्या दारात उभा होता. धिंगरी अळंबीची एक छत्री उलटी करून त्यानं रुक्माच्या नवऱ्याच्या, उमाजीच्या, नाकापुढं धरली होती. छत्रीच्या खालच्या पापुद्र्यांत पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. डोकं तेवढं काळं.

"वैनी, तिथं आत्ती असूदेत न्हाईतर मामंजी असूदेत," वासू म्हणाला. "हे मडगावच्या हॉटेलात पोचलंय. आचाऱ्यानं पाटी माझ्या अंगावर वतली. आनि एकडाव असं झालं तर माझी गाडी तुमच्या दारात थांबणार न्हाई. राग धरू नका."

"आज मारतो औषध," उमाजी म्हणाला.

"मारा की. कोपरा सोडून मारा."

"माशी काय कोपरा सोडून बसतीया व्हय गं?"

हातातली पाटी खाली ठेवून रुक्मानं दाराच्या उजव्या अंगाला, कुडाची भिंत छपराला मिळते तिकडं बघितलं. वासूनं पण बघितलं. त्याला जाळी दिसली. जुनी, धूळ धरलेली, माशा अडकून तीळ लावल्यागत काळी झालेली. म्हातारी काही दिसली नाही.

म्हातारीला, म्हणजे रुक्माच्या सासूला, मरून वर्ष होत आलं होतं.

केशर तिचं नाव. गणेशगुडीला धरण झालं आणि सुप्याकडच्या ज्या गावांवर पाणी चढलं, त्यातल्या एका गावची. सामान ट्रकात भरलं, गुरं पुढं हाकली, पण केशर ट्रकात चढेना. उंबऱ्यावर बसून राहिली. शेवटी दोघांनी काखेत हात घालून चढवली तेव्हा तिनं एकाच्या मनगटाला चावा घेतला. रामनगरात उतरल्यावर तिनं सरकारनं दिलेल्या प्लॉटची मुरमाड जमीन पायानं उकरून बघितली आणि म्हणाली, "मला एकदा उठवलं. आता हितनं न्हाई उठणार. मेले तरी न्हाई." पुढं आयुष्यभर ती हे म्हणत राहिली. भाकरी करपली तरी म्हणायची, पाहुणा आला तरी म्हणायची. ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

रुक्मा खानापूरकडची. बुडालेल्या घरात तिनं सून म्हणून थोडेच पावसाळे काढले होते, त्यामुळं तिला त्या घराची ओढ नव्हती आणि म्हातारी हेच तिला टोचून दाखवायची. उमाजी गोव्याला खाणीवर गेला. तांबडी धूळ खाऊन खाऊन छाती भरून आल्यावर माघारी आला. त्या वर्षी धारवाडकडं अळंबीचं शिक्षण देतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून तो जाऊन शिकून आला, येताना बियाण्याच्या बाटल्या घेऊन आला. भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, फुकटचं होतं. ते चिरायचं, उकळत्या पाण्यात भिजवायचं, निथळून पिशवीत एक थर पिंजर, एक थर बी असं दाबून भरायचं आणि खोपीत टांगायचं. पिशव्या बुरशीनं पांढऱ्या झाल्या की चिरे द्यायचे, आणि चिऱ्यांतून धिंगरीचे घोस बाहेर पडायचे. आमच्याकडं रानातली अळमी पावसात चार दिस येते, वारुळावरची. ही बारा महिने यायला लागल्यावर लोक बघायला येऊ लागले. रुक्माला एवढंच कळलं, की खोप चालली तर नवरा घरात राहील आणि बंद पडली तर खाणीवर जाईल. त्या छातीनं तो दुसऱ्या खेपेला माघारी येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

खोप कुडाची, आतून ओली गोणपाटं लावलेली. गावात एवढी गार जागा दुसरी नाही. म्हातारीच्या अंगाची शेवटी शेवटी आग व्हायची, म्हणून तिनं आपली बाज तिथं टाकून घेतली, दाराच्या उजव्या कोपऱ्यात. डोळे तोवर गेले होते. पिशव्यांना हात लावून ती म्हणायची, "मढी टांगल्यागत काय टांगून ठेवलंयसा गं?" दार बुटकं. आत येणारा वाकून यायचा, तेव्हा त्याचं तोंड बरोब्बर म्हातारीच्या हाताशी यायचं. मग ती कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवायची. बोटं बारीक, कोरडी, पिंजराच्या काडीसारखी.

"कोन ते?"

"मी. रुक्मा."

"मग सरक पुढं. उजेड अडवू नको." आंधळी बाई उजेडाचं बोलायची.

मेली ती त्याच बाजेवर, दुपारची. रुक्मा पलीकडं पाणी मारत होती. म्हातारी ओरडली पण नाही. पाणी मारून झाल्यावर रुक्मा जाताना म्हणाली, "आत्ती, सरकू का?" आणि उत्तर आलं नाही.

आमच्याकडं दिवस घालायच्या आदल्या सांजेला पीठ पसरायची रीत हाय. माणूस जिथं मेलं तिथली जमीन सारवायची, तांदळाचं पीठ चाळून पातळ पसरायचं, मधी पणती ठेवायची आणि वरून दुरडी उपडी घालायची. सकाळी दुरडी उचलून बघायचं. पिठात ज्याचा पाय उमटला असेल त्याच्या जन्माला मेलेला गेला. मुंगीचा, पाखराचा, गाईच्या खुराचा, कशाचाही उमटतो. ते वाचायला आमच्यात कृष्णा होता, तोही त्या पाण्याखालच्या गावचाच. त्यानं दुरडी उचलली आणि बराच वेळ उकिडवा बसून राहिला. पणतीपासून निघून भिंतीकडं गेलेल्या बारीक टिंबांच्या ओळी होत्या, दोन्ही अंगांनी, टाचणी टोचत नेल्यासारख्या.

"कातीण," कृष्णा म्हणाला. कातीण म्हणजे जाळं विणणारा कोळी.

"ढेकूण बी आसंल," उमाजी म्हणाला. आईच्या बाबतीत तो फारसा हळवा नव्हता.

"ढेकणाला एवढा लांब पाय असतोय व्हय?"

रुक्माला शंका आलीच नाही. त्याच आठवड्यात ती खोपीत वाकून शिरली, तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत काहीतरी कोरडं, बारीक फिरलं. तिच्या तोंडून आपसूक "मी, रुक्मा" असं गेलं. मग तिनं बघितलं, दाराच्या चौकटीपासून कोपऱ्यापर्यंत नवं जाळं होतं.

तिथून पुढं त्या खोपीत केरसुणी छपराला लागली नाही. कातणी वाढल्या. बांबूला, गोणपाटाला, पिशव्यांच्या सुतळीला जाळी झाली. आत जायचं म्हणजे अंगभर चाचपून घेत जायचं. उमाजी वैतागायचा, पण रुक्मा कोपऱ्याकडं तोंड करून "सरका आत्ती" म्हणायची आणि कामाला लागायची. त्या वर्षी माशांचा त्रास झाला नाही. का झाला नाही, हे कुणी विचारलं नाही. त्रास नसला की कोण विचारतंय?

मग यंदा माशा आल्या कुठनं, तर त्या उमाजीनं आणल्या. धारवाडच्या सायबानं सांगितलं होतं, पीक काढून झालेल्या पिशव्या खोपीपासून लांब टाकायच्या. उमाजीनं त्या खोपीच्या पाठीलाच केळीच्या बुडाला रचल्या. केळी जोरात आली. ढिगात माशी पण जोरात आली. चिलटासारखी काळी, एवढीशी. ती पिशवीच्या चिऱ्यावर बसून अंडी घालते, आणि तिच्या अळ्या आतलं पांढरं बुरशीचं सूत खात धिंगरीच्या देठातून वर छत्रीत चढतात. पाऊस लागला तशी ती कुडाच्या फटीफटीतून आत आली. जाळी काळी झाली तरी पुरेना. सायबानं कडुलिंबाचा अर्क सांगितला होता, पण आमच्या पावसात कडुलिंबाचं झाड कुठं? रुक्मानं निरगुडीचा धूर केला. माशी धुरात बाहेर गेली, सांजेला परत आली, आणि धिंगरी मात्र पिवळी पडली.

आणि आता वासू दारात उभा राहून सांगून गेला होता.

उमाजीनं रामनगरच्या बाजारातून औषध आणलं, शेजाऱ्याचा पंप आणला. डोक्याला मुंडासं गुंडाळलं, तोंडाला टॉवेल बांधला. झाकण उघडलं आणि नुसत्या वासानंच त्याला खोकल्याची उबळ आली. तो केळीला धरून वाकला तो वाकलाच. रुक्मा बघत राहिली. मग तिनं त्याच्या पाठीवरचा पट्टा सोडवून घेतला.

"ठेवा. मी मारते."

"कोपऱ्याचं काय?"

"आत्तींना घरात नेते आधी."

हे तिनं असं म्हटलं, की जणू बाज उचलून पडवीत न्यायची होती. पण आत गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की खोपीत कातणी पोत्यानं होत्या. त्यांतली सासू कुठली? ती जाळ्याखाली उभी राहिली. लांब पायांच्या होत्या, गोल पोटाच्या होत्या, अंड्यांची पांढरी गाठोडी धरून बसलेल्या होत्या. तिनं एकेकीला बोट दाखवून बघितलं. बोट जवळ गेलं की त्या सुताला धरून पळायच्या, फटीत शिरायच्या. एक पळाली नाही. बाजेच्या जागेच्या वर, मोठी, मातीच्या रंगाची. हात अगदी समोर नेला तरी हलली नाही.

हिला दिसत न्हाई, रुक्माच्या मनात आलं. हीच.

म्हातारीच्या पिठावर उपडी घातली होती तीच दुरडी तिनं आणली. कातीण पानावर घेतली, स्वयंपाकघरात चुलीमागं दुरडीखाली ठेवली. "थोडा दम धरा," म्हणाली. "वास गेला की परत नेते." मग खोपीत जाऊन तिनं औषध मारलं. छपराला मारलं, कुडाला मारलं, पिशव्यांच्या मधल्या बोळांत मारलं, आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात मारलं. जाळ्यांवर औषधाचे थेंब धरले आणि जाळी क्षणभर अशी लखलखली, की लग्नाच्या मांडवात लावावीत. मग ती ओझ्यानं तुटून खाली आली.

दुसऱ्या दिवशी खोपीच्या जमिनीवर माशांचा कोंडा पडला होता. त्यात कातणी पडल्या होत्या, सगळ्या उताण्या, पाय पोटाशी घेऊन. मेलेल्या माणसाचे हात आपण छातीवर बांधतो तशा. रुक्मानं केरसुणी घेतली. झाडत झाडत ती कोपऱ्यात आली आणि थांबली. बाजेच्या जागेवर, सारवलेल्या जमिनीवर, एक मोठी, मातीच्या रंगाची कातीण पाय मिटून पडली होती.

ती केरसुणी तिथंच टाकून घरात आली. चुलीमागची दुरडी उचलली. खाली काही नव्हतं.

"आल्या की हो परत," ती उमाजीला म्हणाली. "उठणार न्हाई म्हणत होत्या. मी उठवलं, आन् ह्या चालत माघारी आल्या. विखात."

"कातणी काय थोड्या हायत व्हय?" उमाजी म्हणाला. "ती येगळी, ही येगळी. तुझी दुरडीच्या फटीतनं बाहेर गेली असंल, बसली असंल कुठंतरी आढ्याला."

"कशावरनं?"

"हीच ती हे तरी कशावरनं?"

उमाजीनं दिलासा म्हणून सांगितलेली हीच गोष्ट रुक्माला जास्त लागली. पहिल्यांदा उठवलं ते सरकारनं. त्याला शिव्या देता येत होत्या. दुसऱ्यांदा उठवलं ते हिनं, दुरडी घालून, गोड बोलून.

वासूनं पुढचा माल उचलला, छत्र्या उलट्या करून बघितल्या, अळी दिसली नाही. "बघा," म्हणाला. रुक्मा तिकडं नव्हती. ती खोपीच्या दारात वाकून उभी होती. आत जायचं तर सरळ जाता येत होतं. तोंडाला काही लागत नव्हतं, कपाळाला नाही, हनुवटीला नाही. रिकामी हवा. लोक म्हणतात भुताचा हात लागला. हिला हात लागत नव्हता त्याची भीती बसली. ती दारात वाकायची, थोडी थांबायची, आणि कुणी विचारत नाही म्हटल्यावर स्वतःच म्हणायची, "मी, रुक्मा." मग आत जायची. आत पांढऱ्या पिशव्या टांगलेल्या. म्हातारी मढी म्हणायची ते आता तिला दिसू लागलं. ती दोन पिशव्यांच्या मधनं जाताना अंग चोरायची.

माशा फिरून आल्या. औषधानं उडती माशी मेली होती, पण पिशवीच्या आत, पिंजरात, अळ्यांना त्याचा वारा लागला नव्हता. त्या पिकल्या, त्यांच्या माशा झाल्या, आणि ह्या वेळी वाटेत एकही जाळं नव्हतं. खोप उघडली की काळा भपका तोंडावर यायचा. उमाजीनं म्हटलं, आणखी एकदा मारू. रुक्मानं पंप पाठीला लावला. आता नेण्यासारखं कुणी नव्हतं, त्यामुळं दुरडी आणावी लागली नाही. ह्या खेपेला चिऱ्यांतून बाहेर पडलेली धिंगरी वाकडी आली, भाजलेल्या कानासारखी गोळा झालेली. वासूनं एक तुकडा मोडून हुंगला आणि पाटी खाली ठेवली.

"अळी न्हाई," तो म्हणाला. "पण उमाजीअण्णा, हे मी माणसाच्या तोंडात घालणार न्हाई. तुम्ही तुमच्या घरात खातासा काय?"

त्या सांजेला उमाजीनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि आतली झुरळं झटकायला अंगणात ठेवली. रुक्मानं ती बघितली. ट्रंकेवर खाणीची तांबडी धूळ अजून होती.

दुसऱ्या दिवशी तिनं खोपीतला कोपरा सारवला, तांदळाचं पीठ चाळून पसरलं, पणती ठेवली, दुरडी उपडी घातली. कुणाला सांगितलं नाही. मेलेल्यासाठी दोनदा पीठ पसरायची रीत नाही. सकाळी दुरडी उचलली. पीठ जसंच्या तसं होतं. मुंगी नाही, झुरळ नाही, काही नाही. सारवलेल्या जमिनीवर एक पांढरा चंद्र.

ती कृष्णाकडं गेली. कृष्णा ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. त्यानं ऐकून घेतलं.

"कोरं?"

"कोरं."

"मग दोनातलं एक," तो म्हणाला. "एक तर सुटली. न्हाईतर अजून जागा मिळाली न्हाई. उठवल्यालं माणूस आधी जागा बघत फिरतंय. आपुन काय केलं? तेच की."

"सुटल्या असतील?"

"केशर?" कृष्णा हसला. त्याला मोजकेच दात होते. "ती सुटणाऱ्यातली न्हवं."

"मग काय करू?"

"जागा कर. विखाच्या घरात कोण येतंय?"

रुक्मा घरी आली आणि उमाजीला म्हणाली, की ट्रंक भरायची तर भरा, पण एक पीक मला द्या. ते आलं तर आलं, न्हाईतर दसरा झाल्यावर जावा. उमाजीला तरी कुठं जायचं होतं? तो लागला कामाला. औषध लागलेल्या सगळ्या पिशव्या त्यांनी उतरवून लांब खड्ड्यात पुरल्या. खोपीच्या पाठीचा ढीग पाटीपाटीनं शेताच्या पार टोकाला नेला, तेव्हा केळीबुडाची जमीन माशांनी उकळल्यागत उठली. कुडावरचं लिंपण खरवडून नवी माती लिंपली, गोणपाटं नवी लावली, खोप उघडी टाकून वारा घेऊ दिला. उमाजीनं खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड ठोकलं. एक पत्रा पिवळा रंगवून त्याला एरंडेल फासून दाराजवळ टांगला; पिवळ्यावर माशी बसते आणि तेलात अडकते, हे त्याला धारवाडात सांगितलेलं आता आठवलं. रुक्मानं त्याला एवढंच विचारलं, की पत्रा दाराच्या डाव्या अंगाला लावता येईल काय.

आणि मग ती कातणी आणायला बाहेर पडली.

तिचा हिशेब साधा होता. म्हातारी जागा बघत फिरते आहे, आणि कसल्या रूपात हे सांगता येत नाही. मग दिसेल ती कातीण आणायची. त्यात असली तर असली. नसली तरी मोकळ्या खोपीपेक्षा भरल्या खोपीत यायला तिला बरं वाटेल. जित्तेपणी पण तिला एकटं बसवत नव्हतं. कुणीतरी बोलायला, म्हणजे भांडायला, लागायचं. माशीचा विचार रुक्माच्या मनात होता का? होता. पण दोन नंबरचा.

गोठ्यातल्या आणल्या, विहिरीच्या रहाटावरच्या आणल्या. करवंटीत धरायची, वर पान झाकायची. मग शेजारपाजारी जाऊ लागली. गावात ही गोष्ट पसरायला काय वेळ लागतो? रुक्मा सासवा गोळा करतीया, असं लोक म्हणू लागले. बायका तिला लांबूनच बघून हाका मारायच्या, की ये गे, आमच्या न्हाणीत दोन हायत, एक तर लई खाष्ट हाय.

शेजारच्या ताराक्काच्या अंगणात तर तिची म्हातारी सासू सुपात तांदूळ घेऊन बसली होती. ताराक्का म्हणाली, "माझी बी ने की गे. जित्ती हाय, पण चालंल."

म्हातारीनं मान वर केली नाही. "ने मला," ती म्हणाली. "हिच्या घरात माझ्याबिगर काम कोण करतंय? माशाच मारायच्या न्हवं? तिथं बसून मारीन."

रुक्मा पण हसली. पण रिकामी गेली नाही. ताराक्काच्या छपरातली एक घेऊनच गेली.

कृष्णाच्या घरी तेवढं हसणं झालं नाही. त्यानं ओसरी, पडवी, न्हाणी सगळं दाखवलं, काठीनं जाळी सोडवून दिली. रुक्माची नजर देवळीवरच्या एका लहान, पिवळसर कातणीकडं गेली आणि तिनं करवंटी उचलली, तेव्हा कृष्णानं तिच्या हातावर हात ठेवला.

"ती नको."

रुक्मानं करवंटी खाली घेतली. मग कृष्णानं दुसऱ्या कोपऱ्यातली एक तिला काढून दिली आणि म्हणाला, "हिचं मला काय ठावं न्हाई. ने."

येताना वाटेत रुक्माच्या मनात पहिल्यांदा आलं, की आपण खोपीत कुणाकुणाला नेऊन सोडतोय. ज्यांनी बोलावलं नाही, ज्यांना ही जागा ठाऊक नाही, अशी कुठली कुठली माणसं. करवंटी हातात हलकी होती. आत पाय वाजत होते, नखानं खरवडल्यासारखे. तिनं करवंटी अंगापासून लांब धरली. पण टाकून दिली नाही.

खोपीत सोडल्यावर त्यांनी आधी एकमेकींना खाल्लं. ताराक्का म्हणाली, सासवाच त्या. उरलेल्या कोपरे वाटून बसल्या. जाळी लागली. नव्या पिशव्या पांढऱ्या झाल्या, चिरे दिले. माशी आली, कापडाच्या फटीतून येतेच ती, पण थोडी पिवळ्या पत्र्यावर राहिली, थोडी जाळ्यात राहिली. धिंगरी आली ती सरळ, जाड, करड्या रंगाची.

वासूनं पाटीतली एकेक छत्री उलटी केली. बऱ्याच वेळानं त्याला एक अळी सापडली. त्यानं ती नखानं उडवली.

"एखादी चालतीया," तो म्हणाला. "रानातल्या अळमीत काय कमी असत्यात?" जाताना खोपीत डोकावून तो मागं सरला. "हॉटेलवाल्याला हितं कधी आणू नका तेवढं."

उमाजीनं ट्रंक परत माळ्यावर टाकली. टाकताना त्याला खोकला आला, शिडीवर थांबून तो खोकला, मग उतरला. दसरा आला आणि गेला.

पण उजव्या कोपऱ्यात जाळं झालं नाही. सगळ्या खोपीत झालं, तिथंच नाही. रुक्मानं दोनदा करवंटी नेऊन तिथं उपडी केली. कातणी तिथून निघून दुसरीकडं गेल्या. नव्या लिंपणाच्या आत अजून वास असेल, उमाजी म्हणाला. असेल. रुक्मानं कोपऱ्याकडं बघायचं सोडून दिलं. वाकायची, थांबायची, स्वतःचं नाव सांगायची आणि आत जायची. आता ते ऐकायला आत बरेच जण होते, आणि त्यांत ओळखीचं कोण हे तिला सांगता आलं नसतं. पाणी मारताना कधी मान वळली तर वाटायचं, सगळे कोपरे तिच्याकडं बघत्यात.

थंडी पडायला लागल्यावरची गोष्ट. सकाळ होती, उमाजी पिंजर चिरत बसला होता. रुक्मा पाण्याची झारी घेऊन खोपीच्या दारात वाकली, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत काहीतरी फिरलं. कोरडं, बारीक, पिंजराच्या काडीसारखं. ती होती तशी वाकून उभी राहिली.

वर बघितलं असतं तर सूत कुठून कुठं गेलंय ते दिसलं असतं. तिनं बघितलं नाही. बोट कुणाचं होतं, आत्तींचं का ताराक्काच्या छपरातल्या कुणाचं, का कृष्णाला ठाऊक नसलेल्या त्या कुणाचं, हे तिला बघायचं नव्हतं.

"मी. रुक्मा," ती म्हणाली.

मग मनगटानं तोंड पुसलं, झारी दुसऱ्या हातात घेतली.

"सरका जरा. पानी मारायचं हाय."

आणि पहिल्या पिशवीपासून पाणी मारायला लागली.